मागे जाणारा लाल मणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी ग्रहमाला आहे आणि मला एकच गोष्ट येते: मंगळ मागे जाताना दाखवायचा.

नावाला माला. ओवलेले तिघंच. मध्ये सूर्य, म्हणजे पिवळ्या काचेचा एक दिवा. त्याच्याभोवती आतल्या वाटेवर निळी पृथ्वी आणि बाहेरच्या वाटेवर मंगळ. बाकीच्यांना पितळ पुरलं नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबरुंद खोली आहे, दारावर ‘आकाशदालन’ अशी पाटी आहे. तिथे भिंतीलगतच्या जड टेबलावर मला बसवलेलं आहे. शाळांची मुलं रांगेने जिना चढून येतात, रांग मोडून आत शिरतात आणि कोणीतरी माझं हँडल फिरवतं.

मला काय वाटतं, असं कोणी विचारत नाही. विचारलं तरी सांगण्यासारखं फार नाही. पितळेला वाटून वाटून किती वाटणार. थंडीत जरा आक्रसते, उन्हाळ्यात जरा सैल पडते, एवढंच. म्हणून असेल कदाचित, पण या दालनातल्या बाईंचं ते वर्ष मला जवळून कळलं. त्या वर्षी त्यांचंही साधारण माझ्यासारखंच चाललं होतं.

पण आधी माझ्या जन्माचं सांगते.

बाई तेव्हा तरुण होत्या आणि शाळेत शिकवत होत्या. त्यांचे यजमान घड्याळजी. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं एवढंसं दुकान होतं. एक माणूस आत आला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागायचं. एका संध्याकाळी बाई दोन संत्री आणि एक लिंबू घेऊन दुकानात आल्या आणि ते सगळं त्यांनी काउंटरवर आपटलं. वर्गात त्या मंगळ शिकवत होत्या. मंगळ ताऱ्यांमधून रोज थोडा थोडा पुढे सरकतो, मग एकदा रेंगाळतो, थांबतो, काही आठवडे चक्क उलट्या दिशेने जातो आणि पुन्हा थांबून सरळ मार्गाला लागतो. मुलांनी विचारलं, असं का? बाईंनी संत्री फिरवून दाखवली. एक संत्रं कपाटाखाली गेलं आणि तास संपला.

घड्याळजी म्हणाले, “संत्र्यांनी नाही व्हायचं ते. थांब जरा.”

ते थांब जरा पावसाळाभर चाललं. त्यांनी दातेरी चाकं कापली. मंगळाची एक फेरी होते तेवढ्यात पृथ्वीच्या जवळजवळ दोन होतात, त्या हिशोबाने दाते बसवले. पृथ्वीपासून एक बारीक काळी तार काढली, ती मंगळाच्या डोक्यावरच्या कडीतून ओवून थेट माझ्या गोल कडेपर्यंत नेली. ग्रहांखालची पाटी काळी रंगवली आणि कडेवर तारे रंगवले. ताऱ्यांखालच्या खाचेत एक लाल मणी ठेवला आणि तारेच्या टोकाला दोन बोटांचा चिमटा बसवला. एक बोट मण्याच्या मागे, एक पुढे. पृथ्वीवरून बघितलं तर मंगळ कुठल्या ताऱ्यांपाशी दिसेल, ते तो मणी सांगतो.

पहिल्यांदा हँडल फिरवलं तेव्हा मणी पुढे गेला, थबकला आणि मागे आला. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मला उघडलं, सगळी चाकं पुसली, परत बसवली. मणी परत मागे आला. घड्याळाच्या धंद्यात मागे पडणं हा मोठा आजार. त्यांनी मला दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा बाई आल्या.

“अहो, काय शोधताय?”

“कुठेतरी दाता घसरतोय. मणी मागे येतो.”

बाईंनी हँडल फिरवून बघितलं. “काही घसरत नाहीये. हेच तर पाहिजे होतं मला.”

“मागे यायला पाहिजे?”

“मागे आल्यासारखा दिसायला पाहिजे. मंगळाकडे बघा ना. तो कुठे मागे येतोय?”

घड्याळजींनी बघितलं. मंगळ आपला त्याच्या वाटेवर पुढेच चालला होता. पृथ्वी आतून भरभर येऊन त्याला ओलांडून जात होती, आणि तेवढ्या वेळात मणी मागे सरकत होता.

“मग हे आधी सांगायचंस की,” ते म्हणाले. “मी आपला पोरीचं पोट फाडून बसलोय.”

मी आयुष्यात कोणाची पोरगी झाले ती एवढीच.

पुढची वर्षं कामाची. बाई शाळा सोडून आकाशदालनात आल्या, त्यांच्याबरोबर मीही आले. मुलं त्यांना ग्रहांच्या बाई म्हणत. त्या आधी माझ्यावर मणी दाखवायच्या, मग मुलांनाच ग्रह करायच्या. जमिनीवर खडूने दोन गोल काढलेले असत. आतल्या गोलावर पृथ्वी झालेलं मूल भरभर चालायचं, बाहेरच्यावर मंगळ झालेलं मूल सावकाश. पृथ्वीने सतत मंगळाकडे बघायचं आणि तो कुठल्या खिडकीसमोर दिसतो ते ओरडून सांगायचं. मधल्या स्टुलावर तिसरं मूल, ते सूर्य. त्याने नुसतं बघायचं. काम सोपं म्हणून सगळ्यांना सूर्यच व्हायचं असायचं.

“बाई, माझी आजी म्हणते, मंगळ वक्री आहे म्हणून माझा पेपर वाईट गेला,” एकदा एकाने सांगितलं.

“मंगळाला तुझी शाळा कुठली ते माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “वक्री म्हणजे मागे जाताना दिसणारा. आपली बस दुसऱ्या बसला मागे टाकते तेव्हा ती मागे सरकताना दिसते की नाही? तिचा ड्रायव्हर काय उलटा बसलेला असतो?”

बाईंची मुलगीही इथेच वाढली. शाळा सुटली की दालनात यायची आणि दुसरं कोणी नसेल तर पृथ्वी व्हायची. तिची चालच तशी, जमिनीला पाय लागतो न लागतो. मणी थबकायची जागा आली की ती श्वास रोखून धरायची. मग ती मोठी झाली, दुसऱ्या शहरात गाड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे लांबच लांब पट्ट्यावरून गाडीचे भाग पुढे पुढे सरकतात. ती त्या पट्ट्यावर देखरेख करते. पट्टा थांबला की पिवळा दिवा लागतो, मागे सरकला की लाल.

मग घड्याळजी गेले. दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, बारीक काम चाललंय.

दिवसकार्य झाल्यावर बाई कामावर आल्या. रडल्या नाहीत. लोकांना जे वाटतं तसं काहीच झालं नाही. त्या वेळेवर यायच्या, दिवा लावायच्या, मला पुसायच्या. फडकं एकाच जागी फिरत राहायचं; माझा तेवढा भाग फार चकचकीत झाला. डबा उघडायच्या, बघायच्या, झाकण लावायच्या. आणि कोणी काहीही म्हटलं की म्हणायच्या, “बरं.” पाऊस येणार म्हणतात. बरं. उद्याची शाळा येणार नाही. बरं. खाली तुमच्यासाठी चहा ठेवलाय. बरं. चहा तसाच खाली.

मुलीला हे दिसत होतं. तिला काहीतरी करायचं होतं आणि करता येण्यासारखं समोर मीच होते. “बाबांनी केलेली वस्तू आहे,” ती म्हणाली, “कुरकुरायला लागलीये. मी नवी करून आणते.” बाई म्हणाल्या, बरं.

अशी मी गोधडीत गुंडाळून तिच्या कारखान्यात गेले. तिथल्या मिस्त्रीचा हात चांगला होता. तिने त्याला सांगितलं, “माझ्या आईची आहे. कुठे अडकायला नको. सगळं सुरळीत पुढे चालायला पाहिजे.” मिस्त्रीने मला तेल दिलं, घासलं, हँडल फिरवलं. मणी मागे आला. माणसाने आयुष्यभर पट्ट्यावर काम केलेलं. त्याने वाकून बघितलं तर चिमट्याचं पुढचं बोट मण्याला मागे ओढत होतं. त्याने ते बोट कापलं, वर कानस मारून साफ केलं. मागचं बोट राहिलं, ते मण्याला पुढे ढकलायला पुरेसं होतं. मणी आता पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा पुढे जायचा. मिस्त्री समाधानाने हात पुसत गेला. त्याला बोल लावू नका. माझ्या जन्मदात्यालाही आधी तसंच वाटलं होतं, फक्त त्याला सांगायला कोणीतरी होतं.

मी परत आले. पहिलीच शाळा आली. बाईंनी हँडल फिरवलं. मणी पुढे गेला, थांबला. काळी तार मागे वळली, पण काळ्या पाटीवर ती कोणाला दिसणार. मणी जागच्या जागी.

“आणि आता बघा, मागे निघाला,” बाई म्हणाल्या.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “बाई, तो जात नाहीये.”

“जातोय. नीट बघ,” बाई म्हणाल्या. त्या स्वतः खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या शाळेलाही तेच झालं आणि तिसऱ्यालाही. कोणा शिक्षकाने खाली जाऊन ग्रंथपालांच्या कानावर घातलं. ग्रंथपाल भला माणूस; वाईट बातमी द्यायची असली की चष्मा पुसत बसतो. एके दिवशी ते दारात उभे राहून ऐकून गेले. मग चष्मा पुसत बाईंना म्हणाले, “बाई, आपण इथे पडदा लावू. चित्रफीत दाखवू मुलांना. तुम्ही खूप वर्षं केलंत, आता विश्रांती घ्या.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी मुलीलाही फोन केला. मित्रांनो, बाईंच्या दिवसाला आकार देणारं हे एकच काम उरलं होतं. सकाळी उठायचं ते यासाठी, केस विंचरायचे ते यासाठी. ते गेलं की मग उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तो त्यांना पडत नव्हता, हीच पंचाईत होती.

मुलगी आली ती रिकाम्या बॅगा घेऊनच. दुपारी शेवटची शाळा यायची होती. बाई ड्रॉवरमधल्या त्यांच्या वस्तू पिशवीत भरत होत्या.

“आई, ग्रंथपाल काय म्हणाले, कळलं ना तुला?”

“कळलं.”

“मग काहीतरी बोल की. निदान भांड त्यांच्याशी.”

“कशाला. चांगले आहेत ते.”

“मग घर बंद करू या. माझ्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे.”

“बरं.”

वाटेत मुलीने बरीच भांडणं तयार करून आणली होती, त्यातलं एकही वापरायला मिळालं नाही.

“तू दिवसेंदिवस मागे मागे चाललीयेस, आई,” ती म्हणाली. “आधी माझ्या फोनवर पण चुका काढायचीस. भाजीवाल्याशी वाद घालायचीस. आता नुसतं बरं. मला भीती वाटते तुझी.”

बाईंनी थोडा विचार केला. “असेल,” त्या म्हणाल्या.

मुलीचा हात माझ्या हँडलवर होता. लहानपणापासूनची सवय, या टेबलाशी उभी राहिली की तिचा हात आपोआप तिथे जातो. ती फिरवत होती, बघत कुठेच नव्हती. मणी थबकायची जागा आली आणि तिने सवयीने श्वास रोखला. तो सोडायची वेळ झाली तरी मणी हलेना. तिने खाली बघितलं. पुन्हा फिरवलं. मंगळ पुढे, पृथ्वी त्याला ओलांडून पुढे, तार मागे, आणि मणी तिथेच.

“आई, हे बघ. मणी सुटलाय.”

बाई आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकल्या, चिमट्याच्या टोकाला नखाने स्पर्श केला.

“सुटला नाही. इथे दोन बोटं होती. एक कापलंय. वर कानस मारलीये.” मग म्हणाल्या, “काम स्वच्छ आहे.”

मुलीच्या चेहऱ्याचा रंग बदलला. “आमच्या मिस्त्रीने. त्याला वाटलं असणार, हे बोट मण्याला मागे ओढतंय.”

“ओढतच होतं.”

“मीच सांगितलं होतं त्याला. कुठे अडकायला नको म्हणून.” मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती भरभर बोलायला लागली. “म्हणजे यंत्रच बिघडलेलं होतं. तुझी काही चूक नव्हती. थांब, मी आत्ता खाली जाऊन ग्रंथपालांना सांगते.”

“चूक होती,” बाई म्हणाल्या. “मणी जागेवर उभा होता आणि मी सांगत होते, मागे चाललाय. म्हणजे मी बघतच नव्हते.”

खोटं बोलून धीर देता आला असता, पण मुलीला ते जमत नाही, आईवर गेलीये.

“ती वेण्यांची पोरगी मला सांगत होती,” बाई म्हणाल्या. “तिला मी गप्प केलं.”

“जाऊ दे गं.”

“जाऊ दे कसं?”

किती महिन्यांनी त्या आवाजाला धार आली होती. फार नाही, भाजी चिरण्यापुरती.

“तुझ्या केसांत आकडा आहे?” बाईंनी विचारलं.

“मी कधी लावते आकडे.”

बाईंनी स्वतःच्या अंबाड्यातला काढला. अंबाडा अर्धा सुटून मानेवर आला, तो त्यांनी तसाच राहू दिला. आकडा मोडून त्याचा एक तुकडा वाकवला. मुलीने तो चिमट्याला धरून ठेवला आणि बाईंनी बारीक तारेने गुंडाळून घट्ट केला. दोघींची डोकी माझ्यावर इतकी जवळ आली होती की दिव्याचा उजेड मला दिसेना.

मग मुलीने हँडल फिरवलं. मणी पुढे गेला. थबकला. आणि मागे निघाला. बाई वाकून, हनुवटी जवळजवळ माझ्या कडेला टेकवून, बघत होत्या. मणी मागे आला, थांबला, पुन्हा पुढे लागला.

“परत,” बाई म्हणाल्या.

मुलीने परत फिरवलं.

“परत.”

जिन्यावर पावलं वाजायला लागली तेव्हा त्या सरळ झाल्या.

मुलं लहान होती. बाईंनी मणी दाखवला आणि या वेळी सगळ्यांनी तो मागे जाताना बघितला, बाईंनीसुद्धा. मग खडूच्या गोलांची वेळ आली. हात वर करणाऱ्यांची गर्दी झाली. बाईंनी त्यातली एक किडकिडीत मुलगी निवडली आणि तिला मधल्या स्टुलावर बसवलं.

“तू सूर्य. हलायचं नाही. आणि मंगळ आज मीच होते.” मग त्या आपल्या मुलीकडे वळल्या. “तू आत ये.”

“मी? आई, मुलं आहेत की.”

“तुझ्यासारखी पृथ्वी यांच्यात कोणी दिसत नाही. चाल नेहमीसारखी.”

मुलं हसली. मुलगी आतल्या गोलावर उभी राहिली, जरा लाजून. दोघी चालायला लागल्या. बाई बाहेरून सावकाश, एक पाऊल, मग दुसरं, सुटलेला अंबाडा तसाच. मुलगी आतून भरभर, आईकडे बघत, आईच्या मागे जी खिडकी दिसेल ती सांगत.

“दुसरी खिडकी,” ती म्हणाली. “तिसरी.” मुलं तिच्याबरोबर ओरडायला लागली. “तिसरी. अजून तिसरीच.” ती आता आईच्या अगदी बाजूला पोचली होती. “दुसरी,” ती म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला. मुलांचा आला नाही. ती पुढे निघून गेली, मान वळवून बघत राहिली. “दुसरी. आता तिसरी.”

“थांबू या,” बाई म्हणाल्या. “मंगळ मागे गेला का?”

“हो,” सगळी मुलं म्हणाली.

बाईंनी स्टुलावरच्या मुलीला विचारलं, “तुला काय दिसलं?”

“काही नाही,” ती म्हणाली. तिला वाटलं, आपलं काहीतरी बघायचं राहिलं. “तुम्ही दोघी चालत होतात.”

“कोणी मागे गेलं?”

“नाही. ह्या ताई भरभर चालत होत्या आणि तुम्ही हळू. पण पुढेच चालला होतात.”

“मग खोटं कोण बोलतंय, बाई?” मागून एकाने विचारलं.

“कोणीच नाही. हिला दिसलं ते खरं दिसलं, तिला दिसलं तेही खरं दिसलं. म्हणून आधी सांगायचं, मी कुठे होतो आणि कसा चाललो होतो. मग सांगायचं, काय दिसलं.”

मुलं खडूच्या गोलांवर धावायला लागली. मुलगी आईजवळ आली.

“तू थांबली नव्हतीस?” तिने हळूच विचारलं.

“नाही गं.”

“मला तू थांबलेली वाटलीस. आणि मग…”

“तू जवळून गेलीस ना,” बाई म्हणाल्या. “जवळून पुढे जाताना तसंच वाटतं.”

तेवढ्यात ग्रंथपाल मोजायची टेप घेतलेल्या एका माणसाबरोबर वर आले. त्यांनी मुलांमधून वाट काढली. “बाई, पडदा याच भिंतीवर लावू या ना? ही मोठी आहे.”

मुलीने जमिनीकडे बघितलं. मला माहीत होतं, तिला माहीत होतं, ग्रंथपालांना तर पाठ होतं, बाई काय म्हणणार.

“नको,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी चष्मा काढला.

“या भिंतीत खिडक्या आहेत,” बाई म्हणाल्या. “मुलांना त्या लागतात. पडदा खाली लावा, वाचनाच्या खोलीत. आणि त्या वेण्यांच्या मुलीची शाळा कुठली होती, मला बघून सांगा. त्यांना परत बोलवायचंय.”

टेपवाला माणूस टेप गुंडाळायला लागला. ग्रंथपाल चष्मा पुसत “बघतो, बघतो” म्हणत जिना उतरले. त्यांनी खरंच बघितलं. पडदा खाली लागला.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. बॅगा रिकाम्या आणल्या होत्या, रिकाम्याच नेल्या. निघताना म्हणाली, “पोचले की फोन करते.” बाई म्हणाल्या, “जेवून कर. आणि चालता चालता बोलू नकोस, मला नुसता तुझा श्वास ऐकू येतो.”

आता मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग सगळं छान झालं. तसं काही मी सांगणार नाही. बाई अजून डबा अर्धाच खातात. फडकं अजून कधी कधी एका जागी फिरत राहतं. त्यांना आत काय वाटतं, काही वाटतं की नाही, ते मला कळत नाही. माझ्याकडे ते मोजायचं चाक नाही. मणी थबकतो तेव्हा त्या त्याच्याकडे बघतात, एवढं मात्र मी दररोज बघते.

कधी इकडे आलात तर हँडल जरूर फिरवा, पण हळू. वर्षातून एकदा तेलाचे दोन थेंब पुष्कळ होतात. आणि एक सांगते. तुमच्या घरात, शेजारात, वर्गात कोणी मागे चाललंय असं दिसलं, तर लगेच कानस घेऊन धावू नका. आधी स्वतःच्या पायांकडे बघा, ते किती भरभर चाललेत. मग जरा त्याच्या बाजूने चाला, त्याच्या चालीने. ते जमत नसेल तर निदान त्याच्याकडे मान वळवून बघत राहा.

मी काय, कुठे जात नाही. इथेच असते, या टेबलावर. निदान या खोलीत उभं राहून बघणाऱ्याला तसं दिसतं.